अर्ध्यावर थांबलेले वाक्य

गेल्या पावसाळ्यात आमच्या भाचीने एक इंग्रजी कादंबरी आमच्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही आम्हांला नेहमी काहीतरी वाचायला सांगता. आता हे एक तुम्ही वाचा." भाची अकरावीत आहे. तिच्या वयाच्या मुलामुलींत जी पुस्तके हातोहात फिरतात, त्यांच्याविषयी आमच्या मनात एक जुना आकस आहे. मास्तरकीत उभा जन्म गेल्यावर तो सहजी जात नाही. निळ्या मुखपृष्ठावर दोन ढग होते, एक काळा आणि एक पांढरा. आत दोन कर्करोगी किशोरांची प्रेमकथा आहे, एवढे मलपृष्ठावरून कळले आणि पुस्तक आम्ही पंधरा दिवस बाजूला सारले. आजारी नायिका, उशाशी बसलेला नायक आणि अखेरीस पाणावलेले डोळे, हा प्रकार आपल्या वाचकाला अपरिचित नाही. भाचीने तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा केवळ शब्द राखण्यासाठी म्हणून ते उघडले. ते मिटले तेव्हा पहाट झाली होती. त्या पहाटे आमचे डोळे ओले झाले होते की कोरडे होते, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत नाही. या पुस्तकाने आमचे एक जुने, न फेडलेले ऋण आमच्यापुढे आणून ठेवले. त्याविषयी लिहायचे आहे.

कादंबरीचे नाव 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'. लेखक जॉन ग्रीन हे अमेरिकन असून त्यांचा जन्म १९७७ सालचा. इंग्रजी वाङ्मय आणि धर्माभ्यास हे विषय घेऊन पदवीधर झाल्यावर एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू व्हावे असे त्यांच्या मनात होते, आणि त्या वाटेवरचा टप्पा म्हणून त्यांनी ओहायो राज्यातील कोलंबस येथे मुलांच्या इस्पितळात काही महिने विद्यार्थी-चॅपलिन म्हणून काम केले. मृत्युशय्येवरील मुलांजवळ आणि त्यांच्या आईबापांजवळ बसणे हे ते काम. त्यानंतर ते धर्मगुरू झाले नाहीत, लेखक झाले. त्या इस्पितळातील दिवसांवर लिहिण्याचा त्यांचा प्रयत्न सुमारे दहा वर्षे फसत राहिला. अखेर २०१२ च्या जानेवारीत ही कादंबरी प्रसिद्ध झाली. २०१० साली सोळाव्या वर्षी थायरॉइडच्या कर्करोगाने वारलेल्या एस्थर अर्ल या मुलीला ती अर्पण केलेली आहे. लेखकाची तिच्याशी मैत्री होती. अर्पणपत्रिकेमागील ही हकीकत ठाऊक नसली तरी कादंबरी कळते. ठाऊक असली की तिच्यातील काही जागांचे वजन अधिक जाणवते.

कथानक थोडक्यात असे. अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात राहणारी हेझल ग्रेस लँकेस्टर ही सोळा वर्षांची मुलगी. थायरॉइडचा कर्करोग तिच्या फुप्फुसांत उतरला आहे. ऑक्सिजनची टाकी एका लहानशा गाड्यावर ठेवून ती सदैव बरोबर ओढते. एका नव्या औषधाने तिचा रोग थोपवून धरला आहे. मृत्यू टळलेला नाही, लांबला आहे. आईच्या आग्रहाखातर ती एका चर्चच्या तळघरात भरणाऱ्या कर्करोगी मुलांच्या आधारगटाला जाते. तेथे तिला ऑगस्टस वॉटर्स भेटतो. वय सतरा, हाडाच्या कर्करोगाने एक पाय गेलेला, बोलण्यात चतुर आणि दिसायला देखणा. त्याचा मित्र आयझॅक डोळ्यांच्या कर्करोगाने आंधळा होण्याच्या बेतात आहे. हेझल ऑगस्टसला आपले अत्यंत आवडते पुस्तक वाचायला देते. त्या पुस्तकाचा लेखक पीटर व्हॅन हाउटन ॲमस्टरडॅमला राहतो, म्हणून दोघे तिच्या आईसह तेथवर प्रवास करतात. परतल्यावर, ज्याच्याविषयी वाचक निर्धास्त असतो तो ऑगस्टसच आधी जातो. हेझल मागे राहते.

नावापासून आरंभ करू. शेक्सपिअरच्या 'ज्यूलिअस सीझर' नाटकात कॅशिअस ब्रूटसला समजावतो, की माणसाच्या पराधीनतेचे खापर त्याने ग्रहताऱ्यांवर फोडू नये. दोष त्याचा स्वतःचा असतो. ग्रीन यांनी त्या बोलाचा रोख उलटा केला आहे. रोमन सरदारांच्या बाबतीत ते खरे असेल, परंतु चौदाव्या वर्षी फुप्फुसांत पाणी भरून श्वासासाठी तडफडणाऱ्या मुलीचा दोष तो काय? आपल्या शुभवर्तमानात हा प्रश्न याच शब्दांत नसला तरी याच तीव्रतेने विचारलेला आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात, की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. तरीही आपल्या घराघरांतून तो शिष्यांचा प्रश्न अद्याप गेलेला नाही. मुलाला मोठे दुखणे झाले की कोणी दृष्ट लागली म्हणते, कोणी पूर्वजांचे काही राहिले असेल म्हणते, आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक तेच अधिक सोवळ्या भाषेत बोलतो: देव ज्यांच्यावर प्रीती करतो, त्यांचीच परीक्षा पाहतो.

हे वाक्य आम्ही स्वतः एका मुलाच्या अंथरुणाशी उभे राहून उच्चारले आहे. तो आमच्याच धर्मग्रामातला, चौदा वर्षांचा. त्यालाही हाडाचाच कर्करोग होता. लहान ख्रिस्ती समूहाची आम्ही सात-आठ मंडळी दर शुक्रवारी त्याच्या घरी रोजरीला जात असू. एका शुक्रवारी तो काहीच बोलेना, तेव्हा धीर द्यावा म्हणून आम्ही हे वाक्य बोललो. त्याने मान भिंतीकडे वळवली. आम्हांला वाटले, वेदना होत असतील. ग्रीन यांची कादंबरी वाचेपर्यंत आमचे हे मत कायम होते.

या कादंबरीचा पहिला विशेष हा, की आजारी मुलाला निरोग्यांच्या बोधासाठी वापरू द्यायला ती तयार नाही. आपण कर्करोगाच्या कथा ज्या साच्यातून वाचत आलो, तो साचा हेझल पुरता ओळखून आहे: रोगी शूर असतो, तो हसतमुखाने झुंजतो, कधी कुरकुरत नाही आणि जाताना भोवतालच्या सर्वांना जगण्याचा अर्थ शिकवून जातो. ऑगस्टसच्या घरी तर धीराची सुवचने उशांवर भरतकामाने काढून आणि चौकटीत बसवून जागोजागी मांडलेली आहेत. ही मुले त्यांना हसतात. हे हसणे वरवर पाहता उर्मट वाटते, परंतु त्यामागे दुःख आहे. अशा प्रत्येक सुवचनाबरोबर त्यांच्यातले खरेखुरे माणूस थोडे पुसले जाते आणि तेथे एक आदर्श रुग्ण बसवला जातो.

लेखक हा नकार शेवटपर्यंत निभावतो. ऑगस्टसला पराक्रमाची हौस आहे; विस्मृतीत जाण्याची त्याला भीती वाटते. तो न पेटवलेली सिगारेट ओठांत धरून मिरवतो, का, तर मारणारी वस्तू तोंडात धरायची पण तिला मारण्याचे बळ द्यायचे नाही. भाचीला आणि तिच्या मैत्रिणींना ही ऐट फार आवडते. परंतु त्याच सिगारेटींसाठी, मरणाच्या काही दिवस आधी, तो रात्री एकटा गाडी घेऊन पेट्रोल पंपावर जातो. पोटातील नळीची जागा चिघळलेली, अंगावर वांती, आणि मदतीला बोलावलेल्या हेझलपुढे तो स्वतःच्या असहायतेने रडतो. या प्रकरणात एकही सुंदर शब्द नाही. मृत्यूला वीरश्री नसते, हे किशोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकात इतक्या सरळपणे सांगणे आम्हांला धाडसाचे वाटले.

येथे आमच्या कॅथलिक वाचकाच्या मनात एक शंका येईल. मग आपल्या संतांचे काय? त्यांनी दुःख आनंदाने सोसले असे आपण वाचत आलो, ते खोटे का? आम्हांला या संदर्भात लिझ्यूच्या संत तेरेजाची आठवण झाली. क्षयाने ती ३० सप्टेंबर १८९७ रोजी चोविसाव्या वर्षी वारली. तिचे आत्मवृत्त जगभर गेले, परंतु ते तिच्या वडील बहिणीच्या हातून बरेच सुधारून गेले होते. मूळ हस्तलिखिते जशीच्या तशी प्रसिद्ध व्हायला १९५६ साल उजाडावे लागले. आयुष्याच्या शेवटच्या दीड वर्षात तिच्या मनात स्वर्ग आहे की नाही इथवर अंधार दाटला होता, हे तिने स्वतः लिहून ठेवले आहे. फुलांचा वर्षाव करणारी गोड, हसरी तेरेजा आपण तसबिरीत लावली आणि अंधारात चाचपडणारी तेरेजा फार उशिरा ओळखली. हा अंधार कळल्याने तिचे संतपण रतिभर कमी होत नाही. उलट आजारी माणसाला ती अधिक जवळची वाटू लागते. दुःखाला अर्थ असतो, ही आपली श्रद्धा आहे आणि ती आम्ही सोडलेली नाही. परंतु तो अर्थ दुःख भोगणाऱ्याने शोधायचा असतो. शेजाऱ्याने शुक्रवारी येऊन त्याच्या अंगावर पांघरायचा नसतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली ख्रिस्ती दुःखविचारावर 'साल्विफिची दोलोरिस' हे पत्र लिहिले, त्याच्या उत्तरार्धात चांगल्या शोमरोन्याचा दाखला घेतला आहे. त्या दाखल्यातील शोमरोनी जखमी माणसाला दुःखाचा अर्थ सांगत बसत नाही. तो थांबतो, जखमा बांधतो आणि खर्चाची सोय करतो.

आता कादंबरीच्या गाभ्याकडे वळतो. आमच्या वाचनात आलेल्या बहुतेक अभिप्रायांत हिला प्रेमकथा म्हटले आहे. ती तशी आहेच. परंतु आमच्या मते तिचा खरा प्रश्न प्रियकराचा नसून आईचा आहे.

हेझलच्या आवडत्या पुस्तकाचे नाव 'ॲन इम्पीरिअल अफ्लिक्शन'. हे पुस्तक आणि त्याचा लेखक व्हॅन हाउटन दोन्ही काल्पनिक आहेत. त्यात ॲना नावाची एक कर्करोगी मुलगी आपली कथा सांगते आणि ते पुस्तक एका वाक्याच्या मध्येच थांबते. ॲना मेली असेल किंवा तिला लिहवेनासे झाले असेल. हेझलला हा शेवट खरा वाटतो, कारण मृत्यू वाक्य पुरे होण्याची वाट पाहत नाही. मात्र एक गोष्ट तिला स्वस्थ बसू देत नाही: ॲनाच्या मागे राहिलेल्या माणसांचे काय झाले? विशेषतः तिच्या आईचे? ट्यूलिपची फुले लावणाऱ्या त्या बाईने पुढे लग्न केले का? हे विचारण्यासाठी ती लेखकाला पत्रामागून पत्रे पाठवते आणि शेवटी ऑक्सिजनची टाकी ओढत समुद्रापार जाते. तेथे तिला एक मद्यपी, कुचकट माणूस भेटतो. तो म्हणतो, की पुस्तक संपले की त्यातली माणसेही संपली. त्यांना पुढचे आयुष्य नसते.

एका कल्पित बाईसाठी ही मुलगी एवढी जिवावर का उदार झाली? उत्तर कादंबरीच्या आरंभीच पेरलेले आहे. चौदा वर्षांची असताना अतिदक्षता विभागात ती आता जाणार असे सर्वांना वाटत होते, तेव्हा तिची आई नवऱ्याच्या छातीशी तोंड लपवून रडत होती. आपण आता आई राहणार नाही, असे काहीसे ती पुटपुटली. मुलीने ते ऐकले. ऐकायला नको होते, पण ऐकले. त्या दिवसापासून हेझल स्वतःला हातबाँब समजते. आज ना उद्या तो फुटणार, म्हणून जवळ कमीत कमी माणसे असावीत, अशी तिची धडपड. ऑगस्टसला ती प्रथम दूर सारते ते याचसाठी. आपल्या मरणाची तिला फारशी भीती नाही. आपल्यामागे आईचे काय होईल, ही तिची भीती आहे, आणि ती आईला विचारता येत नाही म्हणून ती परक्या लेखकाला विचारते.

आम्हांला ही जागा कादंबरीतील सर्वांत सूक्ष्म वाटली. आजारी मुलांना आपले आजारपण जितके कळते, त्याहून अधिक त्यांना आईबापांचे चेहरे कळतात. आम्ही वडीलधारी माणसे समजतो, की आपण मुलांपासून लपवतो. वस्तुतः मुलेच आपल्यापासून लपवीत असतात.

आणि ज्या उत्तरासाठी ती इतक्या लांब गेली, ते तिला अखेर स्वतःच्या घरात मिळते. कादंबरीच्या शेवटाकडे एका जेवणाच्या वेळी खटका उडतो आणि काही वर्षांपूर्वी ऐकलेले ते वाक्य हेझलच्या तोंडून बाहेर पडते. आई हादरते. ते बोलणे चुकीचे होते असे ती सांगते. मूल गेले तरी आईचे आईपण जात नाही. मग तिच्याकडून आणखी एक गुपित निघते. समाजकार्याची पदवी घेण्यासाठी ती गुपचूप अभ्यास करीत होती. ज्या घरांवर असा प्रसंग आला आहे, त्यांच्यासाठी पुढे काम करावे असे तिच्या मनात होते. आपल्यानंतरच्या जगण्याची आई तयारी करते आहे, असे वाटून मुलीचे मन दुखावेल, म्हणून तिने हे लपवले होते. हेझल दुखावत नाही. तिला आनंद होतो. आपल्यावाचून आई जगणार आहे, हे ऐकून सोळा वर्षांची मुलगी आनंदाने रडते. प्रेमाची याहून मोठी कसोटी आम्ही अलीकडच्या कथावाङ्मयात वाचलेली नाही.

पुस्तक मिटल्यावर आम्ही शुभवर्तमान उघडले. अर्ध्यावर थांबलेले पुस्तक आपल्या पवित्र शास्त्रातही आहे. संत मार्कचे शुभवर्तमान चौथ्या शतकातील दोन अतिप्राचीन हस्तलिखितांत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर संपते. रिकाम्या कबरीपासून स्त्रिया थरथरत पळतात, भयामुळे कोणाला काही सांगत नाहीत, आणि तेथेच लेखणी थांबते. मूळ ग्रीकमध्ये तर शेवटचा शब्द एक लहानसे उभयान्वयी अव्यय आहे; वाक्य तुटल्यासारखे भासते. पुढील बारा ओव्या ख्रिस्तसभेने प्रेरित म्हणून स्वीकारल्या आहेत, परंतु त्या दुसऱ्या हातच्या असाव्यात असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. मार्कने शेवट का दिला नाही, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला वाटते, त्या स्त्रियांनी पुढे काय केले हे पुस्तकात नाही, ते ख्रिस्तसभेच्या जगण्यात आहे. व्हॅन हाउटनचे म्हणणे आपल्याला मान्य होत नाही ते येथे. वाक्य तुटले तरी माणसे संपत नाहीत.

आणि हेझलचा प्रश्न? तोही नवा नाही. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात क्रुसावर टांगलेला पुत्र, श्वास पुरत नसताना, खाली उभ्या असलेल्या आईकडे पाहतो आणि तिला आपल्या प्रिय शिष्याच्या हाती सोपवतो. तो शिष्य तिला आपल्या घरी नेतो. उपवासकाळात क्रुसाच्या वाटेवर आम्ही कितीदा हा प्रसंग ऐकला आणि त्यातून मरियेच्या मातृत्वाची थोरवी समजून घेतली. ती आहेच. परंतु त्याआधी ही एका मरणाऱ्या मुलाची साधी, मानवी काळजी आहे: माझ्यानंतर आईचे काय? इंडियानापोलिसच्या एका कल्पित मुलीने आम्हांला ही ओवी पुन्हा वाचायला लावली.

कादंबरीत दोष नाहीत असे नाही. मुले फारच हुशारीने बोलतात. सोळा-सतराव्या वर्षी प्रत्येक वाक्याला धार लावून बोलणारी दोन माणसे एकाच तळघरात भेटावीत, हे पचायला जड जाते. व्हॅन हाउटन थेट ऑगस्टसच्या अंत्यविधीला येऊन उभा राहतो, हे लेखकाने ओढूनताणून आणले आहे. त्याची स्वतःची मुलगी आठव्या वर्षी कर्करोगाने गेली होती, हे कळल्यावर त्याच्या कुचकटपणाचा अर्थ लागतो खरा. परंतु त्यासाठी त्याला इतक्या दूर ओढून आणण्याची गरज नव्हती. पैशाची चिंता कादंबरीत एक-दोन ठिकाणी डोकावते आणि निघून जाते. परळच्या टाटा इस्पितळाबाहेरच्या पदपथावर मुलाचे रिपोर्ट पिशवीत घेऊन बसलेली आईबापे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हेझलचे घर दुःखातही सुखवस्तू वाटेल.

ॲन फ्रँकच्या घरातील चुंबनाचा प्रसंगही अनेकांना खटकला, आम्हांलाही खटकला. ज्या जागेतून एका किशोरीला छळछावणीत नेले, तेथे प्रेमिकांना टाळ्या मिळाव्यात हे औचित्याला सोडून आहे. तथापि लेखकाने ती जागा निवडली ती निष्कारण नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. ॲनची रोजनिशी १ ऑगस्ट १९४४ ला थांबते, कारण ४ ऑगस्टला त्या कुटुंबाला अटक झाली. तीही अर्ध्यावर थांबलेलीच. त्या घरात हेझल मागे राहिलेल्या पित्याचे, ओटो फ्रँक यांचे, मुद्रित बोलणे ऐकते. मुलगी गेली, पिता उरला, आणि त्याने १९४७ साली तिची वही जगापुढे ठेवली. ॲनाच्या आईविषयीच्या प्रश्नाला व्हॅन हाउटनने जे उत्तर नाकारले, त्याचा एक भाग त्या अरुंद जिन्याच्या वर हेझलची वाट पाहत होता.

धर्माच्या बाबतीत लेखक अन्याय करतो का? तळघरातील गटाचा चालक पॅट्रिक हा श्रद्धावान आणि भाबडा. लेखक त्याची टिंगल करतो. चर्चची इमारत क्रुसाच्या आकाराची आणि गट बसतो तो बरोबर ख्रिस्ताच्या हृदयाच्या जागी, असे पॅट्रिक पुन:पुन्हा सांगतो आणि मुले हसू दाबतात. आम्हांला प्रथम राग आला. मग ध्यानात आले, की हे हसणे लेखक पुढे स्वतःच पालटतो. मरणाआधी ऑगस्टसला आपले मृत्युलेख ऐकायचे असतात, म्हणून आयझॅक आणि हेझल जमतात ते त्याच तळघरात, त्याच हृदयाच्या जागी. थट्टेने घेतलेले नाव खरे ठरते. गटाच्या प्रार्थनेच्या अखेरीस पॅट्रिक गेलेल्या मुलांची नावे वाचतो. आपले नाव त्या लांब यादीच्या टोकाला, कोणी लक्ष देत नसताना वाचले जाईल, असे हेझलला वाटते. नोव्हेंबरात आपल्या देवळांतही मृतांच्या याद्या वाचतात. आपल्या घरातले नाव येईपर्यंत आपण कान देतो. नंतर किती देतो, हे ज्याचे त्याने विचारावे.

आणि उशांवरची ती सुवचने? खऱ्या अंत्यविधीच्या वेळी हेझल आपले मनातले भाषण गुंडाळून ठेवते आणि ऑगस्टसच्या आईबापांना आवडणाऱ्या त्या सुवचनांतले एक उच्चारते. ज्याला ती हसली, तेच ती त्यांच्यासाठी बोलते, कारण अंत्यविधी मागे राहिलेल्यांसाठी असतो हे तिला कळून चुकलेले असते. सत्य बोलण्याचा हट्ट दयेसाठी बाजूला ठेवणे, हे तिचे मोठे होणे आहे. वेगळ्या शब्दांत, त्याला आपण प्रीती म्हणतो.

या कादंबरीवर २०१४ साली इंग्रजी चित्रपट निघाला आणि २०२० साली 'दिल बेचारा' हा हिंदी. हिंदीत कथा जमशेदपूरला आली आणि ॲमस्टरडॅमच्या जागी पॅरिस आले. नायक सुशांतसिंह राजपूत यांचे चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच जूनमध्ये निधन झाले, त्यामुळे तो पाहणाऱ्यांचे मन आधीच जड झाले होते. आम्ही तो भाचीबरोबर पाहिला. त्यात अपुऱ्या पुस्तकाचे अपुरे गाणे झाले आहे. गाणे पुरे करता येते. ते सुरेल असते आणि डोळ्यांत पाणी आणते. परंतु गाण्याला आई नसते. कादंबरीचा मूळ प्रश्न त्यामुळे मागे पडला, असे आमचे मत झाले.

आता त्या ऋणाविषयी. आमच्या धर्मग्रामातला तो मुलगा गेला. सातव्या दिवसाच्या मिस्साला देऊळ भरले होते. महिन्याच्या मिस्साला निम्मे. त्यानंतर आमचा समूह दुसऱ्या एका आजाऱ्याच्या घरी रोजरीला जाऊ लागला आणि शुक्रवारची ती वाट मोडली. पुढे दोन-तीन वर्षांनी बाजारात त्याची आई भेटली. कुशल विचारल्यावर ती सहज म्हणाली, "सर, तुम्ही सगळे त्याच्यासाठी येत होता ना. तो गेला, मग कोण येणार?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आम्ही काहीतरी बोलून पुढे गेलो. ती गोष्ट आम्ही विसरलो, असे आम्हांला वाटत होते.

कादंबरी वाचून झाल्यावर त्याच आठवड्यात आम्ही त्या घरी गेलो. रोजरीचे पुस्तक नेले नाही. ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. आम्हीही समोर बसलो. काय बोलावे सुचेना, म्हणून आम्ही तिला कादंबरीची गोष्ट सांगितली: दूरदेशीची एक मुलगी, तिची नाकातली नळी, तिला भेटलेला लंगडा मुलगा, विमानाचा प्रवास, मुलाचे मरण. ती वाल सोलत ऐकत होती. आम्हांला वाटले, मुलीचे काय झाले, असे ती विचारील. सगळे तेच विचारतात. तिने विचारले, "आणि तिची आई? ती पुढं काय करते?"

आम्ही सांगितले, की ती अभ्यास करते. ज्यांची मुले आजारी आहेत किंवा गेली आहेत, अशा घरी तिला जायचे असते.

"बरं केलं तिनं," ती म्हणाली आणि सोललेले वाल टोपलीत ओतले. मग तिने, आम्ही न विचारताच, आपल्या मुलाविषयी बोलायला सुरुवात केली. अंधार पडेपर्यंत आम्ही ऐकत होतो.

ही कादंबरी आपल्या मुलांच्या हाती पडलेली असेलच. आईबापांनी आणि आजाऱ्यांच्या घरी रोजरीला जाणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींनीही ती वाचावी, अशी आमची शिफारस आहे.